टाळ्याला घातलेला हार

विश्रांतवाडीतल्या आमच्या घरात वाक्य मध्येच सोडून द्यायची सगळ्यांना सवय होती. लोहगावच्या धावपट्टीवरून लढाऊ विमानं उडायची आणि डोक्यावरून जाताना पत्रा, खिडक्या, मांडणीवरची भांडी, सगळं थरथरवून जायची. तेवढा वेळ कोणी बोलत नसे. दादा घास हातात धरून थांबायचा, वहिनी लाटणं उचलून थांबायची, आणि आवाज टिंगरेनगरच्या पलीकडे विरला की ज्या शब्दापाशी सोडलं होतं त्याच शब्दापासून बोलणं पुढे चालू व्हायचं. मी यवतमाळकडच्या आमच्या गावाहून नवा आलो होतो तेव्हा त्या आवाजावर ओरडून बोलायचो. वहिनी हसायची. "थांबा ना भाऊजी, ते जाते. आपन तं अठीच हावो."

दादा माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळे मला वाढवलं त्यानंच. नगर रस्त्यावरच्या पंप बनवणाऱ्या एका कंपनीत तो लेथवर होता आणि त्याच्या कपड्यांना, केसांना, अगदी त्याच्या उशीलाही मशीनच्या तेलाचा वास असे. दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत तो, वहिनी आणि त्यांची लहानगी मीनू. बाहेरच्या खोलीत मी, माझा चित्रांचा फळा आणि सायकल. वहिनीनं गाव सोडलं होतं, पण गावचं तिखट सोडलं नव्हतं. रविवारी रोडगे आणि वांग्याची भाजी, पावसाळ्यात वरणफळं, आणि बारा महिने जवसाची चटणी. मिरच्या कांडल्या की घरमालक वरच्या गच्चीवरून खोकत विचारायचे, "अहो, आपण स्वयंपाक करता की डासांना धुरी देता?" वहिनी चटणीची वाटी वर पाठवून द्यायची. वाटी रिकामी, धुतलेली परत यायची. कौतुकाचा शब्द मात्र कधी आला नाही. पुण्यात वाटी धुऊन परत येणं हेच कौतुक असतं, हे कळायला मला काही वर्षं लागली.

चित्रकलेचं शिक्षण संपलं आणि कसबा पेठेतल्या एका दैनिकात मला व्यंगचित्रकाराची नोकरी लागली. दैनिक लहान होतं, पण जुन्या शहरात घरोघर जायचं. संपादक होते भानू. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, आणि समोरच्याकडे न बघता बोलायची सवय. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "राजकारण कळतं का आपल्याला?" मी खरं ते सांगितलं, की फारसं नाही. "उत्तम," ते म्हणाले. "ज्यांना कळतं त्यांच्या चित्रांना कोणी हसत नाही. उद्यापासून या. चित्र चार वाजता माझ्या टेबलावर पाहिजे. चार वाजून पाच मिनिटांनी आलेलं चित्र कितीही चांगलं असलं तरी ते भिंतीला लावायचं, छापायचं नाही." कचेरीच्या मागच्या गल्लीत तांब्याची भांडी घडवणारे कारागीर होते. त्यांच्या हातोड्यांची ठोक दिवसभर चालू असे, आणि माझ्या पहिल्या कित्येक चित्रांच्या रेषा त्या ठोक्यावर ओढलेल्या आहेत असं मला अजून वाटतं.

तो काळ मोठा गमतीचा होता. उदारीकरण हा शब्द रोज बातम्यांत येई. तो दाखवायला मी कधी उघडं दार काढी, कधी पाहुणा, कधी हत्ती. दिल्लीचे नेते मला जमायचे, कारण ते लांब होते. गावातले नेते जमवायला जरा हिंमत लागली.

गावातल्या नेत्यांत मुख्य एकच. त्यांना सगळे 'साहेब' म्हणत, मीही इथे तेवढंच लिहितो. आमदार होते, शिवाय दादाच्या कंपनीतल्या युनियनचे अध्यक्ष. त्यांच्या दोन्ही भुवया नाकाच्या वर एकमेकींना मिळालेल्या होत्या, जाड, काळ्याभोर. व्यंगचित्रकाराला असा चेहरा मिळणं म्हणजे देवाची कृपा. आमच्या घरात मात्र त्या चेहऱ्याची जागा देवांच्या फोटोंशेजारी होती. त्याला कारणही होतं. दादा कंत्राटावर होता तो कायम झाला साहेबांच्या शब्दामुळे. मीनूच्या वेळी वहिनी अडली, दवाखान्यात खाट मिळेना, तेव्हा दादा त्यांच्या दारात गेला होता आणि साहेब स्वतः गाडी घेऊन आले होते. गाडीत वहिनीच्या डोक्याखाली त्यांनी आपली शाल दिली, हे वहिनी अजून सांगते. माणूस नुसता वाईट असता तर हे सगळं लिहायला सोपं गेलं असतं.

मी त्यांना पहिल्यांदा काढलं ते एका लहानशा चित्रात, खड्ड्यांबद्दल होतं. दादानं पेपर पाहिला, घडी घातली आणि जेवताना एवढंच म्हणाला, "ज्यायच्या शब्दानं ह्या घरची चूल पेटते, त्यायच्या तोंडाले काळं नको फासू, दिनू." विमान गेलं. मग म्हणाला, "भुवया मातर जमल्या तुले."

त्यानंतर एका सकाळी कंपनीची बस आली नाही. दादा डबा घेऊन नाक्यावर उभा राहिला, मग सायकलनं गेला, आणि दुपारच्या आत परत आला. फाटकाला टाळं होतं आणि टाळ्यावर नोटीस. मागणी नाही, तोटा आहे, उत्पादन तात्पुरतं बंद. 'तात्पुरतं' हा शब्द दादानं मला बोट ठेवून दाखवल्यासारखा दोनदा सांगितला. दोन दिवसांनी साहेबांनी फाटकासमोर सभा घेतली. मीही गेलो होतो, बातमीदाराबरोबर. "एकाही कामगाराची चूल विझू देणार नाही," साहेब म्हणाले, आणि माणसं गहिवरून ओरडली. सगळ्यांच्या वतीनं साहेबांना हार घालायला पुढे गेला तो दादा. वाकलेले खांदे, तेलकट कॉलर, दोन्ही हातांत झेंडूचा मोठा हार. तो परत गर्दीत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

मग दिवस जात राहिले. घरात आवाज कमी झाले, हे मला पहिल्यांदा जाणवलं. शिट्टी वाजवत दाढी करणारा दादा मुकाट्यानं दाढी करू लागला. रोडग्यांचा रविवार आला तसा गेला. वहिनी नुसतं वरण करायची आणि जवसाची चटणी जरा जास्त वाढायची. दादा रोज सकाळी त्याच वेळी घराबाहेर पडायचा, फाटकापाशी इतरांबरोबर बसायचा आणि संध्याकाळी कंपनीतून आल्यासारखा घरी यायचा. मीनू धावत जाऊन त्याचा डबा उघडायची, कारण तो नेहमी तिच्यासाठी काहीतरी उरवून आणत असे. डबा रिकामाच असायचा, तरी ती रोज उघडायची.

आमच्या बातमीदाराला कुणकुण लागली की कंपनीला पंप करायचेच नाहीत, जमीन विकायची आहे. तिथे संगणकाच्या कंपन्यांसाठी मोठ्या इमारती होणार, आणि त्या बांधायचं काम साहेबांच्या भाच्याकडे जाणार. सौदा पुरा व्हायला कामगार आपण होऊन बाहेर पडायला हवे होते, आणि ते आपण होऊन बाहेर पडण्यासाठी त्यांना पुरेसं थकवायला हवं होतं. हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो उठून आत गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तो फाटकावरून लवकर आला. कुंपणाच्या फटीतून त्यानं आत पाहिलं होतं. चार माणसं टेप धरून जमीन मोजत होती. त्यातला एक साहेबांचा भाचा. दादा त्याला चांगला ओळखत होता, त्याच्या लग्नात दादानं पंगतीला वाढलं होतं.

चप्पल न काढताच तो माझ्या फळ्यासमोर येऊन उभा राहिला.

"काढ त्याले," तो म्हणाला.

"कोनाले?"

"साहेबाले. असा काढ का झोप नाही आली पाह्यजे त्याले."

दादाचा माझ्या रेषेवर एवढा विश्वास आहे हे मला माहीत नव्हतं. खरं तर तोवर माझाही तेवढा नव्हता.

कल्पना दुसऱ्या दिवशी सुचली. बंद फाटक, त्यावर भलं मोठं टाळं. त्या टाळ्याची वरची कडी म्हणजे साहेबांच्या जुळलेल्या भुवया, खाली त्यांचे डोळे, आणि किल्लीचं भोक म्हणजे बोलायला उघडलेलं त्यांचं तोंड. फाटकाच्या आत एकजण टेपनं जमीन मोजतोय आणि किल्ली त्याच्या कमरेला. बाहेर एक कामगार टाळ्याला हार घालतोय आणि म्हणतोय, 'साहेब, आता सगळं तुमच्यावरच!'

कामगार मला जमेना. तीन-चार वेळा काढला, दर वेळी तो नाटकातला वाटायचा. दादा मागून बघत होता. "हा हार घालून राहिला का कपडे वाळू घालून राहिला बे?" तो म्हणाला. मग स्वतःच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, दोरीवरचा पंचा काढून दोन्ही हातांत धरला आणि खिळ्याकडे नेला. "मलेच काढ. मीच घातलता तो हार." वहिनी दारात उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या पाठीकडे, आणि आत निघून गेली. बराच वेळ तो तसाच हात वर करून उभा होता. विमानं गेली, आली. त्या पाठीवर मी जेवढी मेहनत घेतली तेवढी पुढे कशावरच घेतली नाही. शर्टाची शिवण, मानेवरची सुरकुती, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. वर्षानुवर्षं लेथवर वाकून तो तसा झाला होता.

भानूंनी चित्र पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग चष्मा काढून म्हणाले, "वकिलांना दाखवावं लागेल." थोड्या वेळानं परत येऊन म्हणाले, "नाही दाखवत. पहिल्या पानावर जाऊ द्या." माझ्या आयुष्यात मी पाहिलेलं त्यांचं हे एकमेव धाडस, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पुढे त्यांनी जे केलं त्यानंतरही.

चित्र छापून आलं तो दिवस आमच्या घरातला सणच. मी कामासाठी स्वारगेटला गेलो होतो. तिथे एस्टीच्या रांगेत अनोळखी माणसं पेपर एकमेकांना दाखवून हसत होती. नगर रस्त्यावर कंपनीच्या फाटकाला कुणीतरी ते चित्र चिकटवलं, अगदी खऱ्या टाळ्याच्या वर. दादाच्या सोबत्यांनी त्याला पाठीवरूनच ओळखलं आणि खांद्यावर घेतलं. संध्याकाळी त्यानं येताना वांगी आणली. देवांच्या शेजारचा फोटो त्यानं स्वतः उतरवला, आणि वहिनी रोडगे भाजत असताना दारात बसून मीनूला सांगत राहिला, "तुह्या काकानं पाह्य कसा धरला त्याले!" मीही हुरळलो होतो. मला वाटलं, आता फोन वाजतील, विधानसभेत प्रश्न येईल, टाळं निघेल. वय असं होतं की चित्रानं टाळं निघतं यावर माझा विश्वास बसला.

फोन वाजला, तो दोन दिवसांनी. दुसऱ्या दिवशी भानूंनी मला खोलीत बोलावलं. ते हसत होते, आणि ते हसताना मी क्वचितच पाहिले होते.

"साहेबांचा फोन होता. फार खूश आहेत."

"कशावर?"

"आपल्या चित्रावर हो! इतका हसलो की पोट दुखलं म्हणाले. मूळ चित्र मागितलंय, कार्यालयात लावायला. मी कालच पाठवून दिलं."

"सर, ते चित्र माझं..."

"चित्र दैनिकाचं असतं, दिनकरराव. आणि असं बघा, ज्याच्यावर काढलं त्यानंच मागून घेतलं. याहून मोठी पावती व्यंगचित्रकाराला कुठली?" मग समोरचा कागद ओढून घेत म्हणाले, "आजचं काय?"

आता या वयात मला अशा पावत्यांचं काही वाटत नाही. माझी कितीतरी चित्रं ज्यांच्यावर काढली त्यांच्याच दिवाणखान्यांत लटकलेली आहेत. पुढे साहेब वारले तेव्हा आमच्याच दैनिकानं काढलेल्या पुरवणीत ते टाळ्याचं चित्र पुन्हा छापलं होतं आणि वर मथळा होता, 'टीकेचं मनमोकळं स्वागत करणारा नेता'. ती पुरवणी मी चहा पिता पिता वाचली आणि चहा संपवला. पण त्या दिवशी मी भानूंच्या खोलीतून बाहेर आलो आणि जिन्यात बसून राहिलो. घरी जाऊन दादाला सांगायला हवं होतं. मी सांगणार होतो. त्याआधीच त्याला कळलं.

कामगारांचं शिष्टमंडळ त्याच दुपारी साहेबांना भेटायला गेलं होतं, जाब विचारायला. आता हे घाबरले असणार, असं सगळ्यांना वाटत होतं. बोलणार होता दादा. तो घरी आला तेव्हा मी आधीच पोचलो होतो. तो पाणी प्यायला, बाजेवर बसला आणि अगदी सपाट आवाजात सांगू लागला.

"त्याच्या खुर्चीच्या मांगं लावलं हाये. सोनेरी चौकटीत. आम्ही आत गेलो तं तो उठून उभा राह्यला. म्हने, या या, पाह्यलं का, आमची कशी चंपी केली पोरानं. सगळ्यायले जवळ बोलावून दाखोलं. मंग माह्या नावाची चिठ्ठी पाह्यली, तं म्हने, तुम्ही त्याचे सख्खे भाऊ? अरे, चहा आना, पेढे आना."

"मंग?"

"मंग काय. चहा पेला आम्ही."

"अन् भाच्याचं? जमिनीचं?"

"इचारलं ना. म्हने, हे तं तुमच्या भावानं चित्रात इचारलंच हाये, आन् मी ते भितीवर लावलं. लपवायचं असतं तं लावलं असतं का?" दादानं रिकामा पेला बाजेखाली ठेवला. "सगळे हसले, दिनू. आपलेही हसले."

वहिनी पोळ्या लाटायची थांबली होती. वर विमान नव्हतं.

"आखरीले," दादा म्हणाला, "त्यानं त्या मानसाच्या पाठीवर बोट ठेवलं. म्हने, हा कामगार लय झकास काढला, एकदम जिता मानूस वाटते. मी अठी उभा, त्याच्यासमोर. त्यानं नाही वयखलं मले." मग, माझ्याकडे न बघता, "त्याले दुखलंच नाही बे."

रागानं काढलेली रेष कशी कुठे लागते याचं शिक्षण मला कुणी दिलं नव्हतं, आणि आज इतकी वर्षं काढूनही ते मला आलंय असं म्हणवत नाही. त्या दिवसानंतर फाटकापाशी दादाच्या शेजारी कोणी बसेना. साहेबांनी पेढे याच्या भावामुळे दिले, दोघं भाऊ दोन्हीकडून खेळतायत, असं कुणीतरी पसरवलं. खांद्यावर घेणाऱ्यांतलेच होते. दादानं त्यांच्याशी भांडण केलं नाही. तो दूर, चहाच्या टपरीच्या सावलीत एकटा बसू लागला. मी दुसरं चित्र काढलं, आणखी कडवट. भानूंनी ते बाजूला ठेवलं. "एकदा झालं. आता ते वैयक्तिक वाटेल." मी नोकरी सोडतो म्हणालो. "सोडा की," ते म्हणाले. "घरात कमावतं कोण आहे सध्या?" हे ते टोमणा म्हणून म्हणाले नव्हते. त्यांना ठाऊक होतं, आणि मलाही. मी जागेवर येऊन बसलो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. एकेक करून माणसं सह्या करू लागली. आता त्या जागेवर काचेच्या इमारती आहेत. माझी पुतणी मीनू त्यातल्याच एकीत आठव्या मजल्यावर बसते. परवा मला तिथल्या कँटीनमध्ये घेऊन गेली. तिच्या टीममधली अमरावतीची मुलं पाया पडली आणि म्हणाली, "काका, तुमची कार्टून्स आमच्या बाबांना फार आवडायची." कँटीन जिथे आहे तिथे साधारण लेथचं खातं असावं. नक्की सांगता येत नाही. मी आत कधी गेलोच नव्हतो, फाटकापर्यंतच माझी धाव.

दादानं सही केली त्या दुपारीही मी फाटकाबाहेरच उभा होतो. आत शेडमध्ये टेबलं मांडली होती आणि मधल्या टेबलाशी कंपनीच्या माणसांबरोबर साहेब बसले होते, कुणावर अन्याय होऊ नये म्हणून. टाळं निघालं होतं. फाटक सताड उघडं होतं आणि तिथून माणसं एकेकटी बाहेर पडत होती, हातात कागदाची घडी. ऊन असं होतं की डांबर चपलेला लागत होतं. दादा बराच उशिरा आला. ओळखपत्र आत जमा करून घेतलं होतं, त्यामुळे शर्टाच्या खिशाला पिनेची दोन भोकं तेवढी दिसत होती.

आम्ही बसथांब्याकडे चालायला लागलो.

"साहेबानं तुही चौकशी केली," तो म्हणाला. "या खेपेले वयखलं मले."

"काय म्हनला?"

"म्हने, भाऊ बरा हाये ना? त्याले सांगजा, काढत राह्य म्हनाव. असे लोक पाह्यजेत."

"मंग तू काय म्हनला?"

दादानं कागदाची घडी खिशात सरकवली. "काय म्हननार? हाव म्हनलं."

बस भरलेली होती. त्याला बसायला जागा मिळाली, मी त्याच्या शेजारी दांडीला धरून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी चार वाजता भानूंच्या टेबलावर चित्र हवं होतं. मी दिलं.